नाव जुनंच ठेवू ना?

"ताई, नाव जुनंच ठेवू ना?"

नवीन नेट जोडायला आलेला मुलगा फरशीवर मांडी ठोकून बसला होता आणि मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत मला विचारत होता. कुणाचं नाव, ते मला आधी कळेना. "वायफायचं हो. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकतो. म्हणजे घरात कुठल्याच मोबाइलला काही कळणार नाही."

काही कळणार नाही! तो बिचारा हे वाक्य दिवसातून दहा घरी म्हणत असेल. मला मात्र ते दुपारभर चिकटून बसलं. सहा वर्षांची जुनी कंपनी आज सोडली, नवी धरली, आणि टीव्हीला, मुलीच्या टॅबला, नवऱ्याच्या मोबाइलला पत्ताच नाही. दाराबाहेर कोण आहे ते न बघता, आवाज ओळखीचा वाटला म्हणून कडी काढावी, तसे सगळे निमूट जोडले गेले.

सोडण्यासारखं काय झालं होतं म्हणाल तर खास काही नाही. संध्याकाळी नेट रुसायचं, मी फोन करायची, पलीकडून राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगायचे. हे सहा वर्षं केलं. शंभराचा वेग घेऊनसुद्धा फाइल उतरताना बाराच्या वर आकडा का जात नाही, म्हणून मी सुरुवातीला भांडलेही होते. मग मुलीने समजावलं की शंभर ते मेगाबिट आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, तेव्हा आठाने भागायचं. साडेबारा. म्हणजे त्या बाबतीत ते खरं बोलत होते. जाहिरातीत मोठा आकडा सांगायचा आणि भागाकार गिऱ्हाइकावर सोडायचा, एवढंच.

नवीन जोडणीचं काम मी अगदी जवळ बसून पाहिलं. वायरच्या टोकात बघू नका, एवढंच तो म्हणाला. नेट आणणारा आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण म्हणून तो नसतो असं नाही. एकावर एक सालं सोलत गेला आणि शेवटी हाती उरला काचेचा एक केस. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो गाभा तर त्यातला जेमतेम ९ मायक्रॉन. असे दोन केस त्याने एका पेटीत समोरासमोर ठेवले, झाकण लावलं. पेटीच्या पडद्यावर ती टोकं चांगली मनगटाएवढी दिसायला लागली, सरकत सरकत जवळ आली, मध्ये ठिणगी पडली आणि संपलं. सांधा कुठे आहे तेही दिसेना. किती प्रकाश वाया जातोय त्याचा आकडा बघून त्याने मान हलवली. "मस्त बसला."

काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून कोसच्या कोस जाईल, हे चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलं. नोबेल मिळालं २००९ साली. ४३ वर्षं. आणि मी दहा ते दोनच्या दरम्यान येतो म्हणालेल्या माणसाची पावणेचारपर्यंत वाट बघून चिडले होते.

आमच्या लहानपणी तांब्याची तार होती. टेलिफोन बंद पडला की वडील तार शोधत जायचे, तुटली असेल तिथे दातांनी आवरण सोलून दोन पीळ द्यायचे, वर चिकटपट्टी. फोन चालू. घरातली वीज गेली तरी फोन चालायचा, कारण त्याला लागणारी वीज त्याच तारेतून एक्स्चेंजकडून यायची. आताच्या या राउटरची वीज गेली की आपण जगातून उठलो. काचेतून प्रकाश येतो, वीज नाही. असो.

वडील म्हटलं की मला टेलिफोनपेक्षा बिलंच जास्त आठवतात. बिल आलं की ते लगेच भरायचं नाही. आधी तपासायचं. रात्री जेवणं झाली की वडील पेन्सिल घेऊन बसायचे आणि मी आकडे वाचून दाखवायचे. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी, गुणाकार. बिल एकदाही चुकलेलं मला आठवत नाही, पण बरोबर निघालं की वडील किंचित हिरमुसायचे. मग सुट्टी काढून भरायला जायचं. खिडकी माझ्या कपाळाच्या वर. आतला माणूस मला कधीच दिसला नाही, दिसायचा तो फक्त हात. ओल्या स्पंजला बोट लावून नोटा मोजणारा, पट्टी धरून अर्धं बिल टर्रकन फाडणारा, आणि मग धप्पकन शिक्का. वडील शिक्क्यावर फुंकर घालायचे. शाई वाळल्याशिवाय घडी नाही. घरी येऊन आईला एकच शब्द, "भरलं." की आई खिळ्यावरची तार काढून द्यायची. वर आकडा, खाली लाकडी चकती, मध्ये वर्षानुवर्षांच्या पावत्या. तारेत पावती खुपसायचा मान माझा.

भरलं. या शब्दात माणूस असतो. त्याने जाऊन काहीतरी केलेलं असतं. आता सगळे म्हणतात, "पैसे कट झाले." कुणी कापले, कधी कापले, विचारायचं नाही. पाऊस पडला तसे पैसे कट झाले. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही, आतली व्यवस्थाच तशी आहे. पूर्वी आपण पैसे ढकलायचो. ऑटो-पे लावलं की कंपनी ते ओढून नेते आणि बँक नेऊ देते, कारण आपण कधीतरी एका संध्याकाळी घाईघाईत एका चौकोनात बरोबरची खूण केलेली असते.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. याच्याही आधीच्या कंपनीचं कनेक्शन मी रीतसर बंद केलं होतं. राउटर परत दिला, पावती घेतली. पण बँकेतली परवानगी बँकेतच राहिली. नसलेल्या नेटचे पैसे पाच महिने जात होते आणि मला पत्ता नाही, कारण रक्कम दर महिन्याला तीच. कंपनी म्हणाली, आमच्याकडे तर तुमचं कनेक्शन दिसतच नाही. बँक म्हणाली, परवानगी तुम्हीच दिली आहे. दोघंही खरं बोलत होते, हाच वैताग. खोटं बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं. पैसे पुढे कधीतरी आले परत, "समायोजन" अशा नावाखाली, जणू माझंच काहीतरी वाकडं होतं ते त्यांनी सरळ केलं.

तेव्हापासून मी ऑटो-पे कशालाच लावत नाही. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी बँकेत लॉगिन करते, बिल उघडते, आकडा वाचते, भरते आणि पावती छापते. हो, छापते. मुलगी म्हणते, आई, पीडीएफ आहे ना. आहे. पण पीडीएफ तारेत खुपसता येत नाही. तार वडिलांचीच आहे.

तर आज नवं जोडून झाल्यावर पहिलं काम काय, तर बँकेच्या यादीतून जुनी कंपनी काढणं. बँक प्रत्येक बिलाला टोपणनाव मागते. मी जुन्या कंपनीला कुंभकर्ण दिलं होतं आणि सहा वर्षं मला अत्यंत आदराने निरोप यायचे, "कुंभकर्ण यांचे बिल भरण्याची अंतिम तारीख जवळ आली आहे." आज काढायला गेले तर विचारतात, कुंभकर्ण कायमचा काढून टाकायचा आहे का? हो म्हटलं. मग ओटीपी. प्रत्यक्ष रामाला ओटीपी लागला नव्हता. नवीन कंपनीला काय नाव द्यावं ते सुचेना, आणि ती जागा रिकामी सोडता येत नाही म्हणून "नेट" लिहून मोकळी झाले. वय होत चाललं आहे.

पहिलं बिल भरलं. पावती छापायला दिली, तर प्रिंटर ऑफलाइन.

संध्याकाळी सगळे घरी आले. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. नवरा जेवताना मोबाइलवर मॅच बघत होता, मुलगी टॅब घेऊन आडवी झाली होती. मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. कोण ओळखतं बघू म्हटलं. ओळखलं एकट्या प्रिंटरने.

नेट जोडणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ताई, प्रिंटरला कुणीतरी पक्का पत्ता देऊन ठेवला असणार. जुन्या राउटरचे पत्ते १९२.१६८.० ने सुरू व्हायचे, नव्याचे १९२.१६८.१ ने. बाकीच्यांनी नवीन पत्ता विचारून घेतला, हा जुन्याच पत्त्यावर बसलाय. (हे १९२.१६८ चे पत्ते खासगी वापरासाठी १९९०च्या दशकातच राखून ठेवले आहेत, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरलं तरी आतले पत्ते बहुतेक सारखेच. हे मला उगाचच आवडलं.) दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला, सांगतो तसं करा.

मी चौथीत असताना आम्ही घर बदललं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी वडील कामावरून खूप उशिरा आले. आईने विचारलं, इतका वेळ कुठे होतात? त्यांनी चपला काढल्या, नीट जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, "किल्ली लागेना." आईला कळायला क्षणभर लागलं, मग ती हसत सुटली. तिला बघून मीही हसले. वडील हसले नाहीत. हात-पाय धुवायला गेले.

त्या मुलाला म्हटलं, राहू दे आजचा दिवस, उद्या करते. प्रिंटरचा दिवा मधूनमधून लुकलुकतोय.