आकडेवाल्या बाबूच्या टेबलाशी

दंगल समजून घ्यायची तर चौकशी आयोगाचा अहवाल वाचावा, कादंबरी कशाला? वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. मी भीष्म साहनींची फाळणीच्या वेळच्या दंगलीवरची हिंदी कादंबरी 'तमस' वाचायला देतो.

अहवाल हवेतच. मे १९७० मध्ये भिवंडी पेटली, त्यावर मादन आयोगाने केलेलं काम मोलाचं आहे. त्या दंगलीनंतर साहनी भिवंडीला गेले होते. मागांच्या त्या गावातली जळकी घरं आणि शुकशुकाट पाहून त्यांना आपली रावळपिंडी आठवली, मार्च १९४७ च्या दंगलीतली. तेव्हा ते काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून मदतकार्यात होते. तेवीस वर्षं आत दडून राहिलेलं दुसऱ्याच गावात उसळून वर आलं, आणि १९७४ साली कादंबरी झाली.

त्यात निर्वासितांच्या छावणीत एक बाबू नोंदी घेत बसलाय. मेले किती, जखमी किती, नुकसान किती. लोक आपबीती सांगू लागले की तो अडवतो. त्याला फक्त आकडे हवेत. एका सरदारजीच्या बायकोने गावातल्या इतर बायकांबरोबर विहिरीत उडी घेतलीय. सरदारजीला तिच्या प्रेताच्या हातातलं सोन्याचं कडं काढून आणायचंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या माणसाची किळस आली. आता येत नाही. घरदार गेलेल्या माणसाने पुढचे दिवस कशावर काढायचे? ते कडं कुठल्या रकान्यात लिहिणार, सांगा.

आणि शेवट. सुरुवातीला मुराद अली नत्थू चांभाराला पाचाची नोट देऊन डुक्कर मारून घेतो. सांगतो, सलोतरीसाहेबांना, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांना हवंय. कोनाड्यातल्या दिव्याच्या उजेडात नत्थू रात्रभर त्या जनावराशी झटतो. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडतं. शहर जळून शांत झाल्यावर अमनची, म्हणजे शांततेची बस निघते, तेव्हा ड्रायव्हरशेजारी बसून ऐक्याच्या घोषणा देतो तो मुराद अलीच. नत्थूने त्याला लगेच ओळखलं असतं, पण तो मेलाय. बसमधले लोक त्याच्या मागोमाग घोषणा देतात.

इथे मी वर्गात पुस्तक मिटतो. कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, पण आपल्याला माहितीये ना."