तुम्ही विचारलंत म्हणून : लोखंडी नांगर आधी का खपला नाही?

शेती अवजारांच्या धंद्यातल्या आम्हा मंडळींना हा प्रश्न हमखास येतो. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर एवढा कामाचा होता, तर सुरुवातीची दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक का मिळेना? लोखंडानं जमीन नासते असं लोकांना वाटायचं, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते खरं आहे, पण माझ्या मते अपुरं.

लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या भावांचं बेळगावचं दुकान १८८८ सालचं, तेही सायकलींचं. शेतीकडे वळल्यावर आधी कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३च्या सुमारास नांगर. कडबा कापलेला तिथल्या तिथे दिसतो. नांगरटीचा गुण कळायला पुढचं पीक उभं राहावं लागतं.

शिवाय लाकडी नांगर नुसता चर पाडतो. लोखंडी नांगराचं वळणदार पातं माती पालथी घालतं, हरळी-कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या उन्हात येतात. पण त्याला ओढ जास्त लागते. काळ्या रानात खोल नांगरटीला एक बैलजोडी पुरत नाही, दोन-तीन जुंपाव्या लागतात. एकच जोडी असलेल्यानं काय करायचं?

खरी अडचण फाळाची, म्हणजे नांगराच्या जमिनीत घुसणाऱ्या टोकदार लोखंडाची. लाकडी नांगराचा फाळ बोथटला की गावचा लोहार तापवून, ठोकून टोक काढून द्यायचा, तेही बलुत्यात, म्हणजे वर्षाकाठी द्यायच्या धान्यावर. बिडाचा, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचा फाळ ठोकला तर तडकतो, तो बदलावाच लागतो. टोक झिजलेला फाळ जमीन धरत नाही, वर उचलतो. मग नांगऱ्या रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, भार टाकतो आणि बैल दमतात. ऐन हंगामात नवा फाळ मिळाला नाही तर आख्खा नांगर गोठ्यात पडून. शेतकऱ्याची शंका मला म्हणूनच रास्त वाटते.

१९१०मध्ये औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि कारखाना कुंडल रोड स्टेशनाजवळ आला. तीच किर्लोस्करवाडी. रेल्वे दाराशी असणं सुट्या भागांच्या धंद्याला फार मोलाचं.

आजही फाळ घेताना जुना सोबत आणा आणि नवा त्याच्यावर तसाच ठेवून भोकं जुळवा. भोक सैल असेल तर फाळ हलतो, बोल्ट झिजतो आणि दगड लागला की तुटतो. ट्रॅक्टरचा पलटी नांगर घेताय तर फाळांचा जादा जोड बोल्टांसकट त्याच दिवशी मागा. दुकानदाराकडे तो नसेल तर नांगर दुसरीकडे बघा.