वॉशिंग्टन आडनावाच्या मागावर: डरहॅमपासून ट्रिंगपर्यंत

गावावरून आडनाव पडलेलं असलं की त्या गावात जाऊन मुळं शोधायचा मोह होतो. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या आडनावाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. घराणं गावातून कधीच निघालं, आडनाव तेवढं सोबत नेलं. म्हणून प्रवासही उत्तरेकडून दक्षिणेकडे, घराणं सरकलं त्याच क्रमाने करावा. सलग चार दिवस हाताशी हवेत.

सुरुवात न्यूकॅसलहून. वॉशिंग्टनला रेल्वे नाही. गॅलरीज बसस्थानकावर उतरून जुन्या गावाकडे जायचं. विचारताना ‘वॉशिंग्टन व्हिलेज’ असंच विचारा, कारण १९६०च्या दशकात वसवलेलं नवं शहर चहूकडे पसरलंय. ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं एक खेडं आहे. नकाशात ते आधी दिसलं तर देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचाल.

आडनाव सुरू होतं ते विल्यम द हर्टबर्नपासून, म्हणजे आपल्या भाषेत विल्यम हर्टबर्नकर. डरहॅमच्या बिशपच्या ११८३ च्या जमीनपाहणीत नोंद आहे, की हर्टबर्न सोडून त्याने बदल्यात हे गाव घेतलं, खंड चार पौंड. गाव बदललं तसं आडनाव बदललं. तेव्हाचं स्पेलिंग ‘वेसिंग्टन’च्या जवळचं, आणि ऑनलाइन नोंदी शोधताना नेमका इथेच घोळ होतो. नेहमीच्या स्पेलिंगवर अडून बसलात तर मध्ययुगातलं फारसं काही हाती लागत नाही.

गावातला ओल्ड हॉल, म्हणजे जुना वाडा, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. उघडण्याचे वार मोजके, ते आधी पाहून मगच तिकीट काढा. आजची वास्तू बरीचशी सतराव्या शतकातली. जुनं पाहायचं तर स्वयंपाकघर आणि मोठं दालन यांमधल्या दगडी कमानींपाशी थांबा. डरहॅम न्यूकॅसलहून रेल्वेने पंधरा मिनिटांवर. १४१६ ते १४४६ या काळात तिथल्या मठाचा प्रायर, म्हणजे प्रमुख, जॉन वेसिंग्टन होता.

दक्षिणेकडे जाताना वाटेत सेल्बीला उतरायला हरकत नाही, ॲबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च, स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर आहे. वरच्या खिडकीच्या काचेत घराण्याचं चिन्ह आहे: पांढऱ्यावर दोन तांबडे आडवे पट्टे, वर तीन तांबड्या चांदण्या. दुर्बीण नसेल तर मान दुखेल आणि दिसणार काहीच नाही. अमेरिकेचा झेंडा यावरूनच आला, हे ऐकायला छान वाटतं, पण त्याला पुरावा नाही. वॉशिंग्टन डी. सी. शहराचा झेंडा मात्र खरोखर या चिन्हाचा आहे.

खरा मुक्काम सल्ग्रेव्हला. लंडनच्या मॅरिलबोनहून बॅनबरी साधारण तासाभरावर, पुढे अकरा-बारा किलोमीटर. बसवर विसंबू नका. टॅक्सी जाण्यायेण्याची मिळून ठरवा. लँकेशरमधल्या वॉर्टनच्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थॅम्प्टनला येऊन लोकरीच्या व्यापारात वर आला, महापौर झाला, आणि मठ बरखास्त झाल्यावर १५३९ मध्ये त्याने सरकारकडून ही जहागीर विकत घेतली. घराच्या पोर्चवर तेच पट्टे-चांदण्या कोरल्यात. शेजारच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे.

पुढे गोंधळ या लॉरेन्सनेच होतो, कारण घराण्यात लॉरेन्स किती! सल्ग्रेव्हचा १५८४ मध्ये वारला. त्याचा नातू लॉरेन्स १६१६ मध्ये. त्याची कबर नॉर्थॅम्प्टनजवळच्या ग्रेट ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये. नातवाचा मुलगाही लॉरेन्स, एसेक्समधल्या पर्लीचा पाद्री. यादवी युद्धात १६४३ मध्ये त्याला पदावरून काढलं. वहीत प्रत्येकापुढे गाव आणि मृत्युवर्ष लिहिलंच पाहिजे. वर्षाचाही सापळा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. पाद्री लॉरेन्सचं दफन माल्डनला जानेवारी १६५२ मध्ये झाल्याची नोंद आहे. आपल्या हिशेबाने ते १६५३. अशा तारखा १६५२/५३ अशा दुहेरी लिहाव्यात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या वंशावळीत व्हर्जिनियाला गेलेला जॉन चुकीच्या शाखेला जोडला गेला होता. नाव तेच, म्हणून माणूसही तोच, असं धरल्याने. १८८९ मध्ये वंशावळींचे अभ्यासक हेन्री वॉटर्स यांनी ही चूक दुरुस्त केली, त्यात ट्रिंगच्या नोंदी कामी आल्या: पाद्र्याची बायको ॲम्फिलिस तिथे वारली आणि मिळकतीचा कारभार तिचा मुलगा जॉन याच्याकडे आला. हाच जॉन म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा.

ट्रिंगला यूस्टनहून थेट गाडी आहे, पण स्टेशन गावाबाहेर आहे, चालायला अर्धा तास धरा. चर्चमध्ये मूळ रजिस्टर मात्र पाहायला मिळणार नाही. ती जिल्हा दफ्तरखान्यात असतात: ट्रिंगची हर्टफर्डला, सल्ग्रेव्हची नॉर्थॅम्प्टनला, माल्डनची चेम्सफर्डला. जागा आणि कागद आधी नोंदवून ठेवा. ओळखपत्र न्या, आणि पेन्सिल. शाईच्या पेनाला वाचनकक्षात मनाई असते.