आय-ट्वेंटीचा टायर

म्हापशात शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस. त्यात डिसेंबर, त्यात वागातोरला बाईकवाल्यांचा मेळावा. दुकानासमोर सकाळपासून बुलेटींची रांग लागलेली. कुणाचं पंक्चर, कुणाला नुसती हवा. साडेदहाच्या सुमाराला साठीकडे झुकलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी मापाची चिठ्ठी पुढे केली. १९५/५५ आर १६.

हे माप आमच्याकडे कायम असतं, आय-ट्वेंटीच्या वरच्या मॉडेलला लागतं. पोरगा माळ्यावरून टायर घेऊन उतरला, गडगडत बाहेर घेऊन गेला आणि दोन मिनिटांनी तसाच परत आला.

"पात्रांव, गाडी खंय?"

"ही काय," गृहस्थांनी बोट दाखवलं.

होंडाची लाल गोल्डविंग मोटरसायकल उभी होती. सहा सिलिंडर, १८३२ सीसी, चारशे किलोच्या आसपासचं धूड. मागच्या सीटला सोफ्यासारखी पाठ, आणि तिथून एक काकू हेल्मेट काढत हळूहळू उतरत होत्या. पुण्याहून बेळगावमार्गे चोर्ला घाट उतरून आले होते. मी मागच्या टायरखाली बॅटरी मारून बघितलं. मधली पट्टी हायवेने खाऊन सपाट केलेली आणि एका जागी धागे दिसायला लागलेले. बाईकचा टायर असाच मरतो. कडेला नक्षी नव्यासारखी आणि मधे टक्कल. आमच्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांच्या, गाड्यांचंही तेच, फक्त त्यांचं म्हापसा-पणजी करून होतं, यांचं पुणे-बेळगाव करून.

"साहेब, हिला १८०/६० लागतो. मोटरसायकलचा."

"माहीत आहे मला. मी सहा महिने अभ्यास केलाय."

आणि केला होता, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत गोल्डविंगवाले मागे कारचा टायर घालतात, त्यांना डार्कसायडर म्हणतात, हे त्यांच्याकडूनच मला कळलं. त्यांचा हिशेब सरळ होता. बाईकच्या टायरच्या कडेला ७४ आकडा असतो, म्हणजे ३७५ किलो भार. कारच्या टायरवर ८७, म्हणजे ५४५ किलो. कारचा टायर टिकतो कितीतरी जास्त, पैसे पडतात जवळजवळ एक तृतीयांश. शिवाय म्हापशात तो आत्ता मिळतो, १८०/६० मिळत नाही. माझ्याकडे तरी नव्हताच.

टायर कंपन्या याला साफ नाही म्हणतात, हे मी सांगितलं. "त्या म्हणणारच, त्यांना महागडा टायर विकायचाय," ते म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. वीस वर्षं टायर चढवतोय, हा प्रकार कधी हाताखालून गेला नव्हता. मी हो म्हणालो. ही चूक माझी.

या गाडीचं मागचं चाक काढायला मजा येते. एकाच बाजूने धरलेलं असतं, कारसारखे पाच नट. मधल्या स्टँडखाली दोन फळ्या सरकवून उंची घेतली आणि चाक बाहेर आलं. जुना टायर उतरवला. कारचा टायर साबणपाण्यात न्हाऊ घालून चढवला, तोही चढला, जरा जोर काढून. गृहस्थ फोनवर व्हिडिओ घेत होते.

मग हवा.

ज्यांनी कधी टायर बसताना ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टायरच्या आतल्या कडेला पोलादी तारेचं कडं असतं, आम्ही त्याला बीड म्हणतो. हवा भरत गेली की ते कडं रिमच्या बैठकीवर सरकतं आणि जागेवर बसताना ठो करून आवाज येतो. एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक. दोन ठो ऐकल्याशिवाय मी चाक हातावेगळं करत नाही.

पहिला ठो हवेचा काटा तिशीला जायच्या आत आला. दुसरा येईना. ३५. ३८. ४०. मी नळी काढली.

टायरच्या कडेला, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक उठावदार रेघ असते. टायर नीट बसला की ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. मी चाक हळूहळू फिरवलं. पाऊण चाकभर रेघ छान दिसत होती, मग बारीक बारीक होत गेली आणि एक वीतभर रिमखाली गडपच झाली. तिथे बीड खालीच अडकून राहिलं होतं. हवा सोडली, पुन्हा साबण लावला, टायर रिमवर अर्धा फेर फिरवून परत भरला. वीत त्या जागेवरून हलली, पण राहिली वीतभरच.

दोन्ही रिमवर १६ लिहिलेलं असतं, पण बैठक एक नसते. काठाचा आकार, बीड बसतो तो उतार, तो आत घसरू नये म्हणून केलेला उंचवटा, सगळं कारच्या रिमचं वेगळं आणि मोटरसायकलच्या रिमचं वेगळं. एकाचं दुसऱ्यावर चढतं. बसतंच असं नाही.

"अजून भरा," गृहस्थ म्हणाले. "लोक ८० पर्यंत नेतात. बसतो."

बीड बसवताना ४० च्या वर जाऊ नका, असं कितीतरी टायरांच्या कडेलाच छापलेलं असतं. पण माझा हात थांबला तो त्या वाचनाने नाही. मी हे काम शिकलो साखळी गावाला, खाणीच्या टिपरांवर. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ते गॅरेजही मिटलं, तेव्हा मी म्हापशाला आलो. टिपरच्या चाकाला पोलादी रिंग असते. मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन, हवा भरताना एक रिंग सुटली आणि पत्र्याचं छप्पर फाडून गेली. भरणारा माणूस दोन सेकंदांपूर्वी पाणी प्यायला उठला होता म्हणून वाचला. ते छप्पर कितीतरी दिवस तसंच उघडं होतं, पावसाळ्यात खाली बादली ठेवायचे.

"मी नाही भरणार, साहेब."

"मग मी भरतो. नळी द्या."

"नळी माझी आहे."

आवाज चढले. रांगेतले बुलेटवाले जवळ सरकले. एकजण त्यांच्या बाजूने, दोघं माझ्या. पोरगा साबणाची बादली घेऊन तसाच उभा. गृहस्थ म्हणाले, मी घाबरट आहे. असेन. मी म्हणालो, समजा बसलाच, तरी हा टायर सपाट आहे. चोर्लाच्या वळणावर गाडी झोपली की त्याच्या कडेवर आणि कुशीवर चालणार, मागे काकू असणार. त्यावर ते म्हणाले की माणसं हजारो मैल चालवतात, आणि ते खोटं नाही, चालवतात. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. माझ्याकडे फक्त ती वीत होती.

वाद मिटवला काकूंनी. त्या इतका वेळ स्टुलावर बसून शहाळं पीत होत्या.

"विम्याचं काय हो?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून, "हे तीस वर्षं विमा कंपनीत होते. क्लेम विभागात. गाडीला भलतंसलतं बसवलंय म्हणून लोकांचे किती क्लेम अडवले असतील ते यांनाच विचारा."

गृहस्थांनी फोन खिशात ठेवला.

हवा सोडली. अर्धवट बसलेला टायर उतरवायला चढवण्याच्या दुप्पट वेळ गेला, रिमला ओरखडा नको म्हणून गोणपाट लावून लावून. १८०/६० पुण्यात निघाला. दुकानदाराने तो संध्याकाळी म्हापशाच्या रात्रबसमध्ये टाकला. दोघं पायलटांच्या मागे बसून वागातोरला गेले. गोल्डविंगवाला पायलटच्या स्कूटरवर, हेल्मेट मांडीवर धरून, हे चित्र सोडवत नव्हतं, पण मी हसलो नाही. चांगला अर्धा मिनिट नाही हसलो.

शनिवारी सकाळी साडेसातला बसस्टँडवरून टायर आणला. वीस मिनिटांचं काम. ठो. ठो. रेघ फिरवून बघितली, सगळीकडे सारखी. हवा ४१ वर आणून सोडली. त्यांनी मजुरी एकाच दिवसाची दिली, मी दुसरी मागितली नाही. शंभर किलोमीटर सांभाळून चालवा म्हणालो, नवा टायर निसरडा असतो. "कळतं मला," म्हणाले. काकूंनी हात केला.

दुपारी रांग कमी झाल्यावर मी तो कारचा टायर उजेडात धरला. जिथे बीड अडकलं होतं तिथे बोट फिरवलं की रबराखाली एक बारीक मोड लागत होता, डोळ्याला जेमतेम दिसणारा. पोरगा म्हणाला, पुसून माळ्यावर ठेवूया, आय-ट्वेंटीवाल्याला काय कळतंय. त्याला एक शिवी दिली. मोडाचा फोटो काढून गृहस्थांना पाठवला.

दोन निळ्या रेघा उमटल्या. उत्तर आलं नाही.