कंसाचं मुंडकं, काळा धागा आणि प्रेक्षकाच्या अटी

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) नागापासून सुरू होत नाही. आधी पडद्यावर त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी येते, चेहऱ्यावरचे नाना भाव करून दाखवते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. सोंग कोण घेतंय हे सुरुवातीलाच उघड केलेलं. तरी पुढे कृष्ण डोहात उतरला की जीव टांगणीला लागतोच.

अद्भुत सिनेमाची सगळी गोम इथे आहे. प्रेक्षक फसत नसतो, फसायला राजी असतो. मात्र त्याच्या काही अटी असतात, आणि त्या कथेपेक्षा कारागिरीशी जास्त निगडित आहेत. फाळके जादूचे प्रयोगही करत, तेही ‘प्रोफेसर केळफा’ असं स्वतःचंच नाव उलटं करून. त्यांना हे ठाऊक असणारच.

‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) कंसाचं मुंडकं धडापासून सुटतं, वर जातं आणि परत येऊन बसतं. असा ट्रिकसीन करायची एक जुनी रीत अशी. मागे काळं मखमल. नटाचं डोकं काळ्या कापडात गुंडाळून आधी फक्त धड चित्रित करायचं. मग भिंगावर झाकण घालून तेवढीच फिल्म मागे घ्यायची, आता धड झाकायचं, डोकं उघडं ठेवायचं आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा छाप घ्यायची. दुसऱ्या खेपेला कॅमेरा सावकाश खाली झुकवला की मुंडकं वर जाताना दिसतं.

सगळं काम मोजणीवर चालतं. तेव्हा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चालायचा. हँडलच्या एका फेऱ्याला ८ फ्रेम, म्हणजे ८ सुटी चित्रं, सेकंदाला २ फेरे, म्हणजे १६ फ्रेम. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटातही १६च फ्रेम बसतात, त्यामुळे मूकपटाच्या त्या वेगाला एक सेकंद म्हणजे एक फूट, हिशेब सोपा. डोकं विसाव्या सेकंदाला सुटायचं असेल तर चाळिसावा फेरा. मोजणारा चुकला की धड दचकतं एकीकडे, मुंडकं उडतं दुसरीकडे.

बिघडण्याच्या वाटा बऱ्याच. मखमलीऐवजी साधं काळं सुती कापड घेतलं तर ते थोडा उजेड परत फेकतं, आणि दोनदा छाप पडल्यावर चित्रावर राखाडी पडदा चढतो. कॅमेऱ्यात फिल्म जराशी ढिली बसली असेल तर दोन्ही छापा एकमेकींच्या अंगावर थरथरतात; मान इथे, गळा तिथे.

माणूस एकदम गायब करायचा तर रीत याहून सोपी: सगळे जागच्या जागी थिजतात, कॅमेरा थांबतो, एकजण बाजूला होतो, हँडल पुन्हा फिरतं. पण हँडल सुरू होताना पहिले दोन-चार फ्रेम संथ जातात, त्यांच्यावर जास्त उजेड पडतो आणि नेमक्या चमत्काराच्या क्षणी पांढरा झपका येतो. ते फ्रेम कापून फिल्म जोडायची. ट्रायपॉडला धक्का लागला किंवा उन्हात काम चालू असताना ढग आला, तर मात्र कात्रीही कामाची नाही.

या सगळ्या चुका प्रेक्षकाला नावानिशी सांगता येत नाहीत, पण डोळ्याला खटकतात. त्याची पहिली अट हीच: माणूस नाहीसा होवो, पण मागची भिंत हलता कामा नये. आसपासचं जग जितकं ठाम, तितका चमत्कार पटतो.

दुसरी अट वजनाची. ट्रिकसीनचे उस्ताद बाबूभाई मिस्त्रींनी ‘ख्वाब की दुनिया’त (१९३७) अदृश्य माणसाच्या करामती काळ्या धाग्यावर केल्या आणि ‘काला धागा’ हे नावच त्यांना चिकटलं. धागा लपवणं त्यातल्या त्यात सोपं: पार्श्वभूमी गडद ठेवायची आणि मागून उजेड येऊ द्यायचा नाही, नाहीतर तो तारेसारखा चमकतो. खरी पंचाईत वस्तू थांबवताना होते. एकाच धाग्यावरचा पेला थांबला की लंबकासारखा झुलतो, आणि झुलला की टांगलेला दिसतो. दोन-तीन धागे लावले की तो स्थिर राहतो. शिवाय उचलताना सुरुवातीला किंचित जड जायला हवं. अदृश्य हातालाही जोर लावावा लागतो, असं पाहणाऱ्याचं मन धरून चालतं.

आगीचंही तेच. जळती लंका छोट्या प्रतिकृतीत केली की ज्वाळा फार चपळ दिसतात, आणि लंकेची काडेपेटी होते. उपाय वेगाचा, आकाराच्या वर्गमुळाच्या हिशेबाने: प्रतिकृती एक चतुर्थांश असेल तर कॅमेरा दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला २ ऐवजी ४ फेरे, एक सोळांश असेल तर चौपट. वेग दुप्पट झाला की प्रत्येक फ्रेमला उजेड निम्माच मिळतो, म्हणून दिवे वाढवायचे. पाण्याचा थेंब मात्र कुठल्याच हिशेबाने लहान होत नाही, त्यामुळे छोटी नाव हौदात सोडली की लगेच खेळणं वाटते.

तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पडद्यावर कुणीतरी साक्षीदार हवा, आणि तो शक्यतो चमत्काराला न भुलणारा. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधलं (१९३६) शेवटचं विमान आज पाहिलं तर सरळसरळ सजवलेला देखावा आहे. तरी तो प्रसंग पकड घेतो, तो गौरीबाईंच्या जिजाईमुळे. पूर्ण सिनेमाभर ती पोरांच्या पोटाची चिंता वाहते, विठोबाला शिव्या घालते. वैकुंठाचं आमंत्रण आलं तरी तिला संसार सोडवत नाही. अशा बाईने मान वर करून पाहिलं की विमान पुठ्ठ्याचं आहे की नाही हा प्रश्न मागे पडतो.

कधी तर लपवायचं काहीच नसतं. ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू हा रामदास पाध्यांचा बाहुलाच, आणि कथेतही तो बाहुलाच. बाहुल्याने बाहुल्यासारखं हलायचं, त्यामुळे खटकायला जागाच नाही. भीतीचं काम समोरच्या नटांनी करायचं. लक्ष्मीकांत बेर्डेंची घाबरगुंडी खरी वाटते, म्हणून बाहुला खरा.

आता संगणकावर धागाही पुसता येतो आणि मानही बेमालूम जोडता येते. पण कॅमेराच भिंतीतून आरपार जातो, शंभर राक्षस पडतात आणि धूळ उडत नाही, बघायला जवळ एक म्हातारीही उभी नसते. तिथे लोक मोबाइल काढतात.