दोन पाण्यांचा हिशेब

वायनरीची लॅब, दिंडोरी तालुका, ऐन हंगाम. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या 5000 लिटरच्या टाकीची आम्लता लिटरला 8.4 ग्रॅम आली. आमच्या उन्हात द्राक्षाचं आम्ल लवकर उतरतं; आम्ही एरवी टार्टारिक (द्राक्षातलंच आम्ल) घालतो, आम्ल कमी करत नाही. वर पीएच 3.6, एवढ्या आम्लतेला न शोभणारा. तरी वाइनमेकरसाहेबांनी आम्लता 6 वर आणायला टाकीत घालायचं आम्लमारक कॅल्शियम कार्बोनेट तोलून ठेवायला सांगितलं होतं, 8 किलो.

आम्लता मोजायला नमुन्यात गुलाबी छटा येईपर्यंत ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडतात. ब्युरेट स्वच्छ, नमुन्यातला वायू काढलेला, गुलाबी छटाही बरोबर जागी. मग वही उघडली. कॉस्टिकची नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची ताकद, 0.137!

हे होऊच शकत नाही. कॉस्टिकचा एक मोल (कणांची ठरावीक संख्या) 40 ग्रॅमचा. लिटरला 4 ग्रॅम घातले की 0.1 ही कमाल. त्याचे दाणे तोलता तोलता हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणून हाती येतं ते थोडं कमीच. जास्त कधीच नाही. या खोडीमुळेच तर ते ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून घ्यावं लागतं.

घोळ ऑक्झॅलिकमध्ये होता. बाटलीतल्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, मोल 126.07 ग्रॅमचा, लेबलवर तसं छापलेलंही आहे. नव्या मुलीने कोरड्या आम्लाचे 90 धरले. 0.1 नॉर्मलच्या 250 मिलिलिटरला 1.576 ग्रॅम हवे होते, तिने 1.125 तोलले. म्हणजे क्रेटसकट द्राक्षं तोलायची आणि क्रेटचं वजन वजा करायचं नाही. काट्यावर ग्रॅम बरोबर, रेणू मात्र शंभरात 71च.

मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण, ही 2019 पासूनची व्याख्या तिला घडाघडा येते. कण कशाचे, हे विचारायची सवय कॉलेजात कुणी लावत नाही. त्यात आमच्या वहीत नॉर्मॅलिटी. ऑक्झॅलिक दोन हायड्रोजन देतं, म्हणून 0.1 नॉर्मल म्हणजे 0.05 मोलर (लिटरला 0.05 मोल), पण रकाना फक्त एका आकड्याचा, त्यामागे किती मोल तोलले ते कुठेच दिसत नाही. त्या पानावर तीन सह्या होत्या, एक माझी.

ऑक्झॅलिकचं नवं द्रावण केलं. त्याच्या 10 मिलिलिटरला कॉस्टिक 7.3 ऐवजी 10.2 लागलं, नॉर्मॅलिटी 0.098, टाकीची आम्लता 6.0. कार्बोनेट पडलं असतं तर लिटरला 3.6 ग्रॅमच उरले असते.

त्याच कॉस्टिकवर आणखी तीन टाक्या तपासल्या होत्या. जुन्या आकड्यांना 0.098 ने गुणून 0.137 ने भागलं. एक 6.9 वरून 4.9 वर आली. तिला टार्टारिक लागत होतं, आणि वहीतला आकडा बघून कुणीच घातलं नव्हतं.