समुद्रात टिकलं, टाकीत बुडालं

१ मेची दुपार होती. सोलापुरातल्या नवी पेठेतली निम्मी दुकानं बंद. माझं उघडं होतं, कारण घरचा पंखा आणि दुकानातला पंखा दोन्ही गरम हवाच फेकतात, मग घरी बसून तरी काय करायचं! चारच्या सुमाराला एक पोरगा स्टीलचा डबा घेऊन आला. झाकण काढलं तर आत तांदूळ.

“काका, यात घड्याळ आहे.”

पेपर पसरून डबा पालथा केला. तांदळातून जे निघालं ते बघून मी चष्मा काढून भिंग डोळ्याला लावलं. माझ्याकडे दिवसभर येतात ती सेल बदलायची नाहीतर पट्टा बसवायची घड्याळं. आठवड्यातून एखादं कुणाच्या तरी वडिलांचं एचएमटी जनता येतं, तेवढाच काय तो विरंगुळा. हे प्रकरण वेगळं होतं. जपानी, ऑटोमॅटिक, पोलादाची जाडजूड केस, चावी सांभाळायला दोन्ही बाजूंनी कान काढलेले, काचेभोवती दातेरी फिरती रिंग. पाठीवर ३०० मीटर कोरलेलं आणि खाली नंबर : २००० पैकी ५७२.

आणि डायल! एकावर एक रचलेल्या अर्धवर्तुळांच्या लाटा, माशाच्या खवल्यांसारख्या. जपानात या नक्षीला सेइगाइहा म्हणतात, जुनी नक्षी आहे, किमोनोवर आणि चिनीमातीच्या भांड्यांवरही असते. इथे ती पत्र्यावर दाबून उठवलेली होती आणि वर पारदर्शक निळ्या लॅकरचे थर. मध्यभागी निळं, कडेला जाईल तसं काळं. समुद्रात खाली खाली जावं तसं. फक्त या समुद्रावर धुकं पडलं होतं, कारण काचेला आतून दव धरलं होतं.

पोरगा बोटीवर थर्ड इंजिनिअर. सुट्टीवर घरी आलेला, आठ दिवसांनी परत बोट गाठायची होती.

“दोन वर्षं हातात आहे, काका. हे घालून समुद्रात उड्या मारल्यात. कधी थेंब गेला नाही.”

“मग बुडालं कुठं?”

तो जरा गप्प झाला. “टाकीत.”

सोलापूरकराला पुढचं सांगायला नको. मे महिना, उजनी धरण मायनसमध्ये, नळाला पाणी येणार ते काही दिवसांच्या अंतरानं, म्हणून पाण्याच्या पाळीच्या आधी टाकी घासायची. सकाळी हा गच्चीवर उन्हात उभा राहून बादल्या ओढत होता आणि मग खालच्या टाकीत उतरून कोपरापर्यंत हात घालून गाळ काढत होता.

मी चावीला हात लावला. मोकळी. एक टप्पा बाहेरच.

“आज तारीख बदललीस काय?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

त्यात कळायचं काय. एप्रिल तीस दिवसांचा, घड्याळाला ते ठाऊक नसतं, ते १ मेला ३१ दाखवतं. चावीचे आटे सोडायचे, तारीख पुढे घ्यायची आणि चावी आत दाबून परत आटे आवळायचे. याला मधेच आईनं हाक मारली. उन्हात पोलाद तापलं, आतली हवा फुगली, मग घड्याळ गार पाण्यात गेलं, हवा आकसली आणि मोकळ्या चावीतून पाणी आत ओढलं गेलं. ३०० मीटर हे आटे आवळलेल्या घड्याळासाठी लिहिलेलं असतं. गुडघाभर पाण्यात काम झालं.

डायव्हिंगच्या घड्याळांचं आयएसओ ६४२५ नावाचं मानक आहे. त्यात एक साधी चाचणी आहे : घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यावर गरम करायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा आणि आतून दव धरतं का बघायचं. मे महिन्यात माझ्या काउंटरला वेगळा तवा लागत नाही. अर्थात इथे थेंब ठेवायचीही गरज नव्हती.

बॅक उघडली. वॉशर ठीक होता. रोटरखाली, म्हणजे हात हलला की फिरून घड्याळाला चावी देणाऱ्या पात्याखाली, पाण्याचे दोन थेंब आणि, देवा, एक तांदळाची कणी. बॅक बंद असताना कणी आत जाणार कशी? बॅकच्या कडेला अडकलेली, मी बॅक उघडताना आत पडली असणार. तांदळानं घड्याळ सुकतं हे कुणी पसरवलं कोण जाणे, तांदळाचं पीठ मात्र आटे भरून राहतं. मशीन बाहेर काढलं, काटे उपसले, डायल सोडवली. चावीच्या दांडीवर गंजाची बारीक तपकिरी रेघ नुकती धरू लागली होती. बाकी मशीन बचावलं होतं.

डायलवर मात्र चारच्या आकड्याजवळ डाग होता. मसुराच्या डाळीएवढा, पांढुरका.

आमच्याकडचं पाणी क्षाराचं, तेव्हा हा क्षाराचाच डाग, असं माझ्या मनानं घेतलं. ओलसर ब्रश उचलला. खरं तर मी शहाणा व्हायला हवा होतो. वीस-बावीस वर्षांचा असताना वडील जेवायला गेल्यावर मी एका गिऱ्हाइकाची डायल “स्वच्छ” केली होती. कंपनीचं नाव आणि निम्मे आकडे कापसावर आले. वडील ओरडले नाहीत. त्यांनी तो कापूस महिनाभर माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तरीही हात ब्रशकडे गेलाच.

“हात लावू नको बे त्याला.”

अण्णा कधी येऊन स्टुलावर बसले ते मला कळलंच नव्हतं. शेजारच्या गल्लीत राहतात, रोज पाचला चहाला येतात. चाळीस वर्षं त्यांनी चादरीच्या जॅकार्ड मागाची कार्डं पंच केली. ग्राफवर नक्षी काढायची आणि चौकट बघून पुठ्ठ्याला भोकं पाडायची. एक भोक चुकलं तर तीच चूक चादरीत दर रिपीटला येणार, म्हणून त्यांची नजर अजून अशी की लग्नाच्या मांडवात बसले तरी गालिच्यातली चूक शोधतात.

“भिंग दे.”

डायल चिमट्यात धरून दिव्याखाली त्यांच्यापुढे केली. त्यांनी आधी डाग बघितलाच नाही. लाटा मोजल्या. एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर, ओठ हलवत, मोजणी नेहमीप्रमाणे तेलुगूत. मग मला डायल थोडी तिरपी करायला लावली.

“हे बघ. डागातनं लाटेची रेघ सरळ पलीकडं चाललीय. तुटली काय? नाही. वर काय बसलेलं असतं तर रेघ झाकली असती. खालची वीण शाबूत आहे. वरची खळ फुगलीय नुसती.”

मी परत भिंग लावलं. खरंच की. पांढरं दिसत होतं ते वर साचलेलं काही नव्हतं, लॅकरखाली दमट हवा शिरून झालेला फोड होता. ब्रश फिरवला असता तर पापुद्रा निघाला असता आणि खालचा पत्रा उघडा पडला असता. दोन हजारांत एक असलेली डायल सोलापुरात कुठून आणणार? मी ब्रश ड्रॉवरमध्ये टाकला.

ड्रायरनं सुकवू का, असं पोरगा विचारत होता. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा सांगायला निघून गेला.

डायल काचेच्या पेल्याखाली पालथी झाकली, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या तीन पुड्या. तशी मे महिन्यात आमची हवाच पुरते, ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. मशीन सगळं सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं. धुताना वेळ मोजायला त्याच घड्याळाची रिंग वापरायचा मोह झाला. ही रिंग उलटीच फिरते, सुलटी नाही. पाणबुड्याचा धक्का लागून ती सरकली तरी हवा संपायला आहे त्याहून कमीच वेळ उरलाय असं दिसावं, जास्त कधीच दिसू नये, म्हणून.  माझी मिनिटं शेवटी भिंतीवरच्या घड्याळानंच मोजली.

तिसऱ्या दिवशी पेला उचलला. फोड बसला होता. जिथं तो होता तिथं केसाएवढं वर्तुळ राहिलं, दिव्याखाली तिरपं धरलं तरच दिसणारं. दांडी नवी घातली, सगळे वॉशर बदलले, सिलिकॉन ग्रीस लावलं, तेल दिलं. मग प्रेशर मशीन. यात घड्याळ पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब चढवायचा, मग ते पाण्यात उतरवून दाब सोडायचा. कुठून हवा आत गेली असेल तर बुडबुडे येतात. एकही आला नाही.

पण माझं मशीन ६ बारचं. दहा मीटर पाण्याला साधारण एक बार, म्हणजे माझी साक्ष साठ मीटरपर्यंत. ३०० मीटरला तीस बार लागतात, आणि मानकाप्रमाणे त्याच्याही वर पाव भाग जास्त दाबून बघावं लागतं. बिलावर तसंच लिहिलं : ६ बारपर्यंत तपासले.

पोरगा न्यायला आला तेव्हा त्यानं आधी ते वर्तुळ शोधलं. बराच वेळ घड्याळ तिरपं करून बघत राहिला.

“खोल पाण्यात नेऊ नको का मग?”

“साठच्या खाली जायचं असेल तर आधी मोठ्या मशीनवर तपासून घे. आणि पैसे द्यायच्या आधी चावी लावून दाखव.”

त्यानं हसत आटे सोडले, परत आवळले. मी म्हटलं, अजून एकदा. दुसऱ्या खेपेला आटे तिरके बसले. अण्णा स्टुलावरून म्हणाले, आधी उलटी फिरव, टक् वाजली की मग सुलटी. त्यानं उलटी फिरवली, तिघांनीही कान दिले, टक् वाजली, आणि चावी पूर्ण आत गेली.